वाढीव दोन इंच

मागच्या महिन्यात एका सकाळी मी माझ्या घोड्याएवढ्या मुलाला गाडीच्या मागच्या सीटवर आडवं झोपवून टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोहून त्याच्या कॉलेजला नेलं. दोन तासांचा ड्राइव्ह. उठून बसलास तर बघ, असा दम भरला होता.

त्याचं असं की माणूस सकाळी झोपून उठतो तेव्हा जरा उंच असतो आणि दिवसभरात थोडा दबतो म्हणे. हे ज्ञान माझ्या नवऱ्याचं, म्हणजे मकरंदचं. आणि त्या दिवशी कॉलेजात आमच्या सोहमची उंची मोजली जाणार होती...

सोहम कॉलेजच्या टीममध्ये लाइनबॅकर आहे. फुटबॉल, पण इथलं अमेरिकेतलं, हातात बॉल घेऊन पळायचं. पळणाऱ्याला गाठून आडवा करायचा, हे आमच्या चिरंजीवांचं काम. घरी साधा पसारा आवरत नाही, पण मैदानावर भल्याभल्यांना आवरतो.

त्याला पुढे प्रो, म्हणजे व्यावसायिक टीममध्ये खेळायचंय. अडचण एकच. प्रो टीम्समधले लाइनबॅकर सहा फुटांच्या वरचे, दारातून वाकून येतील असे. कॉलेजच्या वेबसाइटवर सोहमही सहा फूट आहे. प्रत्यक्षात तो पाच फूट दहा... दोन इंच कॉलेजने आपल्या पदरचे घातलेत. सगळीच कॉलेजं घालतात म्हणे.

मकरंदचे मित्र श्रीकांतभाऊ दर रविवारी मॅच बघतात. ते मला स्पष्टच म्हणाले, "वहिनी, पोरगं गुणी आहे, पण एवढ्याशा उंचीचा लाइनबॅकर प्रोमध्ये नाही टिकत हो. त्या इन्शुरन्स कंपनीने जूनपासून जॉब देऊ केलाय ना, तो घेऊ द्या गुपचूप." सोहमला सांगितलं तर तो हसला. "लो मॅन विन्स, आई. जो खाली वाकतो तोच जिंकतो. मी तर ऑलरेडी खाली आहे!"

हसला खरा, पण आई आहे मी. त्या जॉबचं नाव निघालं की त्याचा चेहरा कसा उतरतो, ते मला दिसत होतं.

आता दोन इंचांवरून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. आमचं लग्न जमत होतं तेव्हा मकरंदच्या बायोडेटात उंची होती पाच फूट सात. नागपूरला आमच्या घरी बघायला आला आणि सोफ्यावर जो बसला, तो उठेचना. पोहे झाले, चहा झाला, माझ्या बाबांनी बाग बघायला बोलावलं, तरी हा आपला बसलेलाच. शेवटी निघताना उभा राहिला तेव्हा आईचा चेहरा पडला. मी पाच फूट सहा, आणि हा माझ्यापेक्षाही बुटका! पण तोवर त्याने मला इतकं हसवलं होतं की माझं ठरून गेलं होतं.

सोहमने ही गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे. खाण तशी माती, असं मी दर वेळी शेवटी म्हणते.

तर प्रो डे. त्या दिवशी बऱ्याच टीम्सचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, कॉलेजमध्ये येतात, मुलांची मापं घेतात, त्यांना पळवतात. आम्ही पालक बाजूला बाकांवर बसलो होतो. सोहम अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि पांढऱ्या मिशांचा एक स्काउट मोठ्याने ओरडला, "फाइव्ह टेन!"

गेले की दोन तास पाण्यात...

स्काउटने कागदात बघितलं आणि विचारलं, वेबसाइटवर तर सहा फूट लिहिलंय, ते कसं काय? आजूबाजूची मुलं फिदीफिदी हसायला लागली. सोहम शांतपणे म्हणाला, "सर, माय डॅड ऑल्सो टोल्ड माय मॉम टू एक्स्ट्रा इंचेस, अँड डिडन्ट स्टँड अप टिल द एंड. शी केप्ट हिम."

मकरंदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो स्काउट मात्र इतका हसला की त्याची टोपी पडली. मग सोहम पळाला, वळला, आडवातिडवा धावला, आणि त्या मिशा शेवटपर्यंत त्याच्याकडेच बघत होत्या. निदान मला तरी तसं वाटलं.

नंतर ड्राफ्ट आला, म्हणजे टीम्स नवीन खेळाडू निवडतात तो सोहळा. तीन दिवस टीव्हीवर नावं वाचत होते. आम्ही तिघं सोफ्यावर, जीव टांगणीला. शनिवारी संध्याकाळी शेवटचं नाव वाचलं... सोहमचं नव्हतंच. तो म्हणाला, "इट्स ओके, आई," आणि मला कळेना की आता याला जवळ घ्यावं की पोहे करावेत. पोहे केले.

कांदा चिरत होते तेवढ्यात फोन वाजला. सोहमने स्पीकरवर टाकला. त्याच पांढऱ्या मिशा! कॉन्ट्रॅक्ट नाही, म्हणाले, कसलं प्रॉमिसही नाही. पण आमच्या कॅम्पला ये, तीन दिवस खेळून दाखव. तू बुटका आहेस, पण बॉल कुठे जाणार हे तुला इतरांच्या आधी कळतं.

मी हातात सुरी घेऊन तशीच उभी. डोळ्यांत पाणी होतं ते कांद्याचं, असं मी सगळ्यांना सांगितलंय.

फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "अँड सन... टेल युवर डॅड ही कॅन स्टँड अप नाऊ."

आणि मकरंद, जो सकाळपासून सोफ्यावरून हलला नव्हता, तो खरंच उभा राहिला. ताठ, छाती काढून, डोळे पुसत.

उद्या सोहम कॅम्पला जातोय. टिकेल की नाही, देव जाणे. पण त्याच्या बाबाला त्याच्याकडे मान वर करून बघताना पाहिलं आणि वाटलं, बायोडेटातले ते दोन इंच खोटे नव्हते, फक्त यायला जरा उशीर झाला.