हिलाल नाना त्या दिवशी वरणगावला होते

आदरणीय हिलाल नाना मिस्तरी यांची आणि माझी पहिली भेट धुळ्यात, त्यांच्या वर्कशॉपच्या दारात झाली. मी जळगावहून डिप्लोमाचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेलो होतो. नानांनी ते पाहिलंसुद्धा नाही. "जेवना का?" म्हणजे जेवलास का, एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामावर. नोकरी मला कशाच्या जोरावर मिळाली, हे तेव्हाही कळलं नाही आणि आज नानांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहायला बसलो तरी कळलेलं नाही. समितीनं बजावलंय की आधी कार्य, मग स्वभाव, शेवटी शुभेच्छा असं क्रमानं लिहा. प्रयत्न करतो. पण नानांचा विचार करायला लागलं की माझा हमखास गोंधळ उडतो, तेवढं आपण सांभाळून घ्यावं.

नानांचं कार्य आपणां सर्वांना ठाऊक आहे. ट्रकच्या बॉड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्यात त्यांची पन्नासेक वर्षं गेली. कापसानं ठासून भरलेली ट्रॉली खड्ड्यातून कशी उतरते ते पाहून लोक सांगतात, ही नानांची. कागदावर नकाशा काढलेला मी कधी पाहिला नाही. एक सुती दोरा, काटकोन पाहायचा एक गुण्या आणि खिशात दोन पोस्टकार्डं, एवढ्यावर त्यांचं सगळं चालतं. पोस्टकार्डं कशाला, असं मी पहिल्या महिन्यात विचारलं होतं. "पत्र लिखाले," असं उत्तर आलं. मी ते खरं मानलं! तर माझी अक्कल तेव्हा ही एवढी होती.

आता ती गाडी. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. धरणगावच्या एका जिनिंगवाल्या आबांनी आपल्या वडिलांच्या हौसेची जुनी, उघड्या टपाची, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी आमच्याकडे आणली. गाडी देखणी, पण अंगात बळ नाही. सोनगीरजवळच्या एका दणक्यात तिचं डावीकडचं दार आपोआप उघडलं होतं, आणि त्या बाजूला आबांच्या पत्नी, म्हणजे अक्का, बसल्या होत्या. त्या पडल्या नाहीत, पण तेव्हापासून वर्षभर त्यांनी गाडीला पाय लावला नव्हता. आबांची एकच इच्छा होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येणार, तिला सामोरं जायला दोघांनी याच गाडीतून वेशीपर्यंत जायचं. "नाना, दार उघडायला नको, आणि अक्का बसायला हवी. बाकी तुम्ही म्हणाल ते," असं ते म्हणाले.

दोष कुठे आहे ते मला लगेच कळलं, निदान मला तसं वाटलं. चपलांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं हातानं पिळता येतं. गाडीला छप्पर नाही, म्हणून तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तशीच पिळली जाते, मधे वाकते आणि दाराची कडी सुटते. उपाय म्हणजे दोन्ही दारांखाली जाड चौकोनी पाइप घालायचा आणि पोटाखालून आडवी पट्टी मारायची. मी वहीत आकडेमोड करून नानांना दाखवली. ते आकड्यांवरून बोट फिरवून म्हणाले, "आकडा चांगला शे. पन मी येवापर्यंत गाडीले हात लावू नको." त्यांना भाचीच्या लग्नाला वरणगावला जायचं होतं. दोन दिवसांचा प्रश्न होता.

दोन दिवस मला धीर धरवला नाही. लग्नाच्या दिवशीच मी गाडीला मधोमध चार जॅक लावून चांगली उंच उचलली, खाली झोपलो आणि दिवसभर वेल्डिंग केलं. काय सुंदर टाके पडले होते! नाना येतील, बघतील, पाठ थोपटतील असं मनात मांडे खात होतो. खाली उतरवल्यावर दारं जरा अडखळली, तर बिजागरीला तेल दिलं आणि गप्प बसलो. नाना परतले, गाडीखाली वाकून पाहिलं आणि उद्या बघू म्हणून घरी गेले. मला वाटलं, पसंत पडलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आबा आले, आणि अहो, सोबत अक्का! वर्षभरानं त्या तयार झाल्या होत्या. त्यांनी दार ओढून घेतलं. वरच्या बाजूला बोटभर फट, कडी लागेचना. आबांनी जोर लावला तशी लागली, आणि पुढच्या क्षणी आपणहून सुटून दार सताड उघडलं. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. "मी या डब्यात बसणार नाही. आज नाही, कधीच नाही," असं म्हणून अक्का रिक्षा करून सरळ एसटी स्टँडवर गेल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

आबांचा चेहरा मला बघवेना. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. वर्कशॉपमधली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात नाना पुढे झाले. "त्यानी चूक नही, आबा. गाडी जॅकवर ठेवाले मीच सांगेल व्हतं. मनी चूक. आठ दिवस द्या."

मी काही बोललो नाही. हे वाक्य लिहायला मला आज सगळ्यात जड जातंय.

आबा गेल्यावर नाना मला म्हणाले, "बठ्ठं कापी टाक." मी माझे सगळे सुंदर टाके ग्राइंडरनं कापत बसलो. नानांनी गाडी तिच्या चार चाकांवर उभी केली आणि सरकीची पोती मागवली. दोन्ही सीटवर बसणाऱ्याच्या वजनाचं एकेक ठेवायचं होतं, पण अक्कांचं वजन विचारायचं कुणी? आबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "नाना, मी संसारात बरंच धाडस केलं, पण हे नाही." शेवटी नानांनी अंदाजानं पोत्यातून सरकी काढली. उचललेली गाडी मधे टेकलेली असते, टोकं लोंबतात. मी तिला त्या वाकड्या अवस्थेतच घट्ट करून टाकली होती. हे नानांनी एका वाक्यात सांगितलं : "गाडी रस्त्यावर जशी उभी ऱ्हास, तशीच जोडनी पडस." मग दारं लावून त्यांनी खिशातली पोस्टकार्डं काढली. एक फटीत वर, एक खाली. दोन्ही सारखी सरकेपर्यंत खालून हळूहळू आधार दिला, आणि मगच मला चार बोटं लांबीचा टाका मारू दिला. मग दुसऱ्या बाजूला चार बोटं. मग चहा, टाका गार होईपर्यंत. पुन्हा पोस्टकार्ड. सात दिवस हेच.

आठव्या दिवशी अक्का आल्या. आबांनी त्यांना कसं आणलं, मला माहीत नाही. नाना म्हणाले, "अक्का, दार तुम्हीच लावा. आम्ही कोनी हात लावत नही." अक्कांनी दार लावलं. उघडलं, पुन्हा लावलं. असं पाच-सहा वेळा केलं. मग आत बसून म्हणाल्या, "बघता काय? चला, उशीर होतोय." आबा स्टिअरिंगवर डोकं टेकून क्षणभर तसेच बसले होते.

इथपर्यंत ठीक. माझा खरा गोंधळ पुढे आहे. त्यानंतर नानांनी ही गोष्ट नव्या प्रत्येक कारागिराला सांगितली, लग्नकार्यात सांगितली, माझ्यासमोर सांगितली. आणि दर वेळी गाडी जॅकवर ठेवायला सांगणारे नानाच. इतक्यांदा ऐकलं की मीच चाचपडायला लागलो. खरंच सांगितलं असेल का? फोन केला असेल का? मागच्या वर्षी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मंग? मीच सांगेल व्हतं ना!" वयामुळे विसरले म्हणावं, तर सरकी किती पायल्या काढली ते त्यांना आजही आठवतं.

मग या ग्रंथासाठी फोटो निवडायला मी त्यांच्या घरी गेलो. एका फोटोत नाना गुलाबी फेट्यात, हातात अक्षता, मागे मांडव. कोपऱ्यात लाल आकड्यांत तारीख. माझ्या वहीत वेल्डिंगची जी तारीख आहे, तीच. नानांनी तो फोटो गठ्ठ्यातून काढून उशीखाली सारला. "हाऊ फोटो नको." का, म्हटलं. "फेटा वाकडा शे."

फेटा वाकडा नाही. मी तो फोटो त्यांच्या सूनबाईंकडून मागून घेतला आणि समितीला दिला. या लेखाशेजारी तो छापला आहे, आपण सर्वांनी नीट पाहावा. नाना त्या दिवशी वरणगावला होते. मला त्यांनी गाडीला हात लावू नको म्हणूनच सांगितलं होतं.

नाना, तुमचे हात असेच स्थिर राहोत, गुडघे दुखायचे थांबोत, शंभराव्या वर्षीही तुमच्या खिशात दोन पोस्टकार्डं असोत. तुम्ही माझी चूक पंधरा वर्षं स्वतःच्या नावावर का वागवलीत, हे मला अजून समजत नाही, आणि विचारलं तर तुम्ही "जेवना का?" म्हणाल. पण आता ती माझी मला परत द्या.