आक्काचं ओलं लुगडं

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला मी आक्का म्हणतो. अजिंठ्याजवळच्या गावात तिने मेंढरं राखली आणि मला शाळेत बसवले. घरातला पहिला पदवीधर मी. ती मात्र शाळेची पायरीही चढली नाही.

लहानपणी मी तिच्या शेजारी झोपायचो आणि घोरायचो. घोरणे मध्येच थांबले की ती माझ्या नाकापुढे तळहात धरायची. मग हलवून म्हणायची, "बापू, कुशीवर हो." उन्हाळ्यात झळांनी माझ्या नाकातून रक्त यायचे. मग ती जुने लुगडे भिजवून दारावर टांगायची. तेव्हाही दुष्काळ होता, पाणी लांबच्या विहिरीवरून तिच्याच डोक्यावर यायचे. त्या ओल्या वाऱ्यात मी धडे पाठ केले.

पन्नाशीत झोपेत माझा श्वास वारंवार थांबतो, असे तपासणीत निघाले. डॉक्टरांनी रोज रात्री मशीनचा मास्क लावायला सांगितले, नाहीतर हृदयावर ताण येईल असे बजावले. मशीनला पाण्याची छोटी टाकी असते. पाणी गरम होते आणि ओलसर हवा नाकात जाते. सकाळी उरलेले पाणी ओतून द्यायचे आणि रात्री ताजे भरायचे.

माझे तिथेच अडले. पावसाने पुन्हा पाठ फिरवली होती. शहरात आमच्या उस्मानपुऱ्यात जुने बंगले पाडून उंच इमारती उठत होत्या, नळाला आठवड्याने पाणी यायचे आणि गल्लीत टँकरपुढे भांडणे व्हायची. मशीनसाठी औरंगपुऱ्यातल्या दुकानातून विकत आणलेले डिस्टिल्ड वॉटर रोज मोरीत ओतायला माझा हात धजेना. आमच्या गावाकडे शिळे पाणीसुद्धा मेंढरांना पाजत. मी टाकी कोरडीच ठेवली. नाक सोलल्यासारखे व्हायचे, झोपेतच मी मास्क उपटून टाकायचो. शेवटी मशीन कपाटावर गेले. बायको चिडली, मग रडली.

तेवढ्यात आक्का डोळे दाखवायला आली. बायकोने मशीन खाली काढून तिच्यापुढे ठेवले.

मास्क हातात घेऊन आक्का म्हणाली, "हे तर मुसकं हाय. बैलानं पिकात तोंड घालू नाय म्हणून बांधत्यात. तू कोणाचं पीक खाल्लंस रं?"

मी सगळे समजावून सांगितले. तिने टाकी उलटी करून पाहिली.

"मंग ही कोरडी का?"

"पाणी वाया जातं, आक्का."

"वाया कसं? तुझ्याच नाकात जातंय नव्हं?"

"सकाळी उरतं ते ओतून द्यावं लागतं."

"त्यात फडकं भिजव, खिडकीला बांध. मी लुगडं भिजवायची तवा पाणी वाया जातं म्हनले का कधी?"

तिनेच टाकी भरली. दुपारची वेळ होती. मी मास्क लावून आडवा झालो, ती उशाशी बसली. सवयीने तिचा तळहात माझ्या तोंडापुढे आला. मास्कच्या बारीक छिद्रांतून हवा बाहेर येत होती.

"वारं येतंय," ती म्हणाली. "झोप आता."

कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो तसा झोपलो. उठलो तेव्हा ती गाठोडे बांधत होती.

"चार दिवस ऱ्हा की."

"मेंढरं कोण बघंल? चाऱ्यासाठी कळप घेऊन घाटाखाली उतरायचंय, पाऊस पडंस्तोवर."

जाताना जुन्या लुगड्याचा एक तुकडा ठेवून गेली. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. कॉलेजात होतो तेव्हासारखे मी तिला पत्र लिहिले. ते तिची सून गावाहून कळपावर नेऊन तिला वाचून दाखवील.

"आक्का,

मशीन रोज लावतो. टाकी भरतो. हवा ओली आणि कोमट येते, नाक दुखत नाही. सकाळी उरलेल्या पाण्यात तुझा तुकडा भिजवून खिडकीला बांधतो. डॉक्टर म्हणाले, आता श्वास क्वचितच थांबतो. काळजी करू नकोस.

आता मला रात्री कुणी हलवत नाही, हलवायची गरजही पडत नाही. तरी जाग आली की तू सांगितल्यासारखा कुशीवर होतो आणि थोडा वेळ तुझी वाट बघतो. मेंढरं घराकडं वळली की ये. तुझी खाट खिडकीपाशी टाकलीय, ओल्या वाऱ्यात.

तुझा,
बापू"