एका चिलमीची तुतारी

रोज तुतारी किती वेळ वाजवावी, याचा आमच्या चकलांब्यात एकच हिशेब होता : एक चिलीम विझेपर्यंत. निजामाचं राज्य होतं. घड्याळ गेवराईच्या कचेरीत होतं म्हणे. पण ते उर्दूत वाजतं अशी आमची समजूत असल्यामुळे कुणी त्याच्या नादी लागत नसे.

चिलीम आबांची. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. भैरोबाच्या जत्रेत पालखीपुढे तुतारी वाजवायचा मान त्यांचा. पण पुढचे दात पडले आणि फुंक तुतारीऐवजी मिशीत जायला लागली. मान घरातच राहावा म्हणून त्यांनी दोघांना शिकवायला घेतलं. एक मी, दुसरा माझा चुलतभाऊ दगडू. (आडनाव एक, आजा एक, मधली भिंतसुद्धा एकच, सूर तेवढा देवाने त्याला दिला!)

चिलीम पेटली की दगडू सुरू करायचा, विझली की तुतारी पुसून शेताकडे चालता व्हायचा. मी अजून गाल फुगवतोय, तोवर त्याचा सूर वेशीपर्यंत जाऊन परत यायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात आमची बायको!

"भाऊजी थोडंच वाजवतेत," भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पण लई ग्वाड वाटतंय."

"आन् माझं?"

"तुमचं लांबून बरं वाटतंय."

"किती लांबून?"

"मी माहेरी गेलते तवा."

झालं! दगडूची एक चिलीम, तर आपल्या चार! आबा रागावतील म्हणून मी संध्याकाळी गोठ्यात लपून सराव सुरू केला. (तुतारी लपून वाजवता येत नाही, हे मी सोडून साऱ्या गावाला माहीत होतं.) आबा आलेच.

"कावून वाजवतो बे येवढं? ओठ हाय त्यो, नांगराचा फाळ न्हाई! एक चिलीम म्हंजे एक चिलीम!"

"पण दगडू पुढं जाईल ना, आबा!"

"त्यो कवाच गेला!"

मग तर दिवे लागले तरी मी थांबेना. बायको मात्र हुशार. "हितंच बसताव तर चंद्रीपुढं सरकीची ढेप टाकीत जावा," म्हणाली. चंद्री म्हणजे आमची म्हैस. रोजचा क्रमच पडला. मी ढेप टाकून तुतारी तोंडाला लावायचो, चंद्री खायची, बायको धार काढायची. माझं वाजवणं मान डोलवत ऐकणारं गावात ते एकच जनावर होतं, आणि मी ती दाद समजत होतो!

जत्रा आली. आबांनी निवाड्याची रीत सांगितली : वेशीपासून पारापर्यंत दगडू वाजवणार, पारापासून देवळापर्यंत मी. गावाला जो पसंत पडेल त्याच्या डोक्याला मानाचा फेटा, आणि पालखीपुढे जन्मभर तोच.

दगडूने वाजवली. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. सगळ्यात आधी माझी! मी तुतारी जवळजवळ हिसकावूनच घेतली. जादा सरावाने ओठ भज्यासारखे फुगले होते. तरी फुंकली, जीव खाऊन फुंकली!

तिकडे आमच्या गोठ्यात म्हैस रेकली आणि खुंट्यासकट पालखीच्या वाटेला लागली.

"वाजवायचं बंद कर बे!" कुणीतरी ओरडलं. मला वाटलं, दगडूच्या बाजूचा असणार. मी आणखी जोर लावला. चंद्रीनेही लावला! ढेप शोधत ती ढोलवाल्यांतून घुसली. पालखीवाले देवाला पारावर ठेवून लिंबावर चढले. पारावरच नैवेद्याची परात होती, गूळखोबऱ्याची. मान डोलवत चंद्रीने ती साफ केली.

"कुणाची म्हैस हाय ही?" पाटील गरजले.

"दगडूची!" मी म्हणालो.

चंद्रीने तेवढ्यात माझा हात चाटायला घेतला.

लोकांनी तिला काठ्या घालत घरी पिटाळलं. मलाही एकदोन बसल्या. फेटा दगडूला बांधला, आणि तो त्याला शोभून दिसत होता, हेही मला सहन होईना.

त्या संध्याकाळी मी गोठ्यात तुतारी उचलली, तशी काठ्या आठवून चंद्री थरथरली आणि तिने पान्हा चोरला. बरं, तुतारीशिवाय दूध सोडायची सवय तिला राहिली नव्हती. बायकोने मला विचारलंसुद्धा नाही. सरळ भिंतीवरून हाक मारली, "भाऊजी, जरा हिकडं येऊन वाजवताव का?"

दगडू आला. फेट्यासकट! चरवी काठोकाठ भरली.

तेव्हापासून दगडूचा रोजचा सराव आमच्याच गोठ्यात व्हायला लागला. आबांनी मला काम नेमून दिलं, "तू चिलीम वढीत बस. इझली की त्याला थांबीव." ही संधी मी कशाला सोडतो! मी ती अशा दणक्याने ओढायला लागलो की दगडूचा सराव निम्म्यावर आला. चंद्रीचं दूधही निम्म्यावर आलं. जे निघायचं ते बायको "फुकून फुकून घसा वाळला आसंल भाऊजींचा" म्हणत दगडूला पाजायची, आणि मी खोकत खोकत पाण्यात भाकरी कुस्करायचो!