गळती आणि उरलेली गोष्ट

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात कँटीनच्या रांगेत उभी होते. पाडवा होऊन चारच दिवस झाले होते. चुलतभाऊ म्हणाला, “सकाळी वर देवळाकडं गेले हुते. पायरीवर बसल्या जागीच...” आणि मी काय विचारावं? “पण वर कशाला गेले? पाइप चालू नव्हता का?” माणूस गेला आणि मी पाइपाची चौकशी करते आहे! तो म्हणाला, “चालू हाय की.”

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पौडच्या पुढं डोंगराच्या पोटाशी आमचं गाव, आणि वर राईत महादेवाचं एवढंसं देऊळ. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत पिंडीवर तळाला भोक असलेलं तांब्याचं भांडं टांगायचं, त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहायचं. याला आम्ही गळती म्हणतो. ती रोज भरायचं काम नानांकडं, आणि नानांचं काम म्हणजे आम्हा सगळ्या पोरांचं. ज्याला जेवढी पेलेल तेवढी कळशी किंवा तांब्या घेऊन झऱ्यावरून देवळापर्यंत चढायचं. झऱ्यावर गोष्ट सुरू व्हायची आणि गळती भरली की थांबायची, मग राक्षस अर्धा मेलेला असला तरी. “उरलेली उद्या,” एवढं म्हणून नाना टॉवेल झटकायचे. वाटेत करवंदं दिसली तरी पहिली ओंजळ देवाच्या पायरीवर ठेवल्याशिवाय तोंडात टाकायची नाही. अंजनीच्या झाडांना निळी फुलं आलेली असायची, तांबट पक्षी एका सुरात टुकटुक करत बसायचा. उन्हाळा म्हणजे त्रास असतो, हे मला शहरात आल्यावर कळलं.

एकदा मी विचारलं होतं, “नाना, देवाला खरंच ऊन लागतं?”

“देवाला कशाचं लागतंय? आपल्याला चढ लागतो, म्हनून गळती.”

तेव्हा मी नुसती हसले होते.

दहावीच्या आधीच्या सुट्टीतली शेवटची गोष्ट मला अजून आठवते. पावसाळ्यात ऊन कुठं राहायला जातं, ते शोधायला निघालेल्या गुराखणीची. सात डोंगर ओलांडून ती उन्हाच्या दाराशी पोचते, कडी वाजवते, आणि आतून कुणीतरी बोलतं... तेवढ्यात गळती भरली. दुसऱ्या दिवशी क्लाससाठी मला पुण्याला आणलं. आत कोण होतं ते पुढं कधीतरी विचारू म्हणता म्हणता वीस-बावीस वर्षं गेली.

तीन वर्षांमागं गावी गेले तर नाना गुडघा धरून चढत होते. मला रागच आला. पिरंगुटहून प्लंबर आणला, झऱ्यावर छोटा सौर पंप लावून वर गळतीपर्यंत काळा पाइप टाकला, बारीक तोटी बसवली. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, कौतुकही भरपूर करून घेतलं. नाना तोटीकडं बराच वेळ बघत राहिले. “बरं केलंस, मंगल. पर पोरं आता कशापायी येत्याल?”

“नाना, पोरांना मोबाइल आहेत. तशीही येत नाहीत ती.”

हे मी बघितलेलं नव्हतं, ठोकून दिलं होतं. येत होती. सात-आठ तरी येत होती, हे मला नाना गेल्यावर त्यांच्या बायकोनं, काकीनं सांगितलं. पाइप झाला, पाणी वाहायचं कारण संपलं, आणि एकेक करून सगळी थांबली. नाना मात्र रोज चढायचे, भरलेल्या गळतीशेजारी बसून यायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तीनदा फोन केला होता, “करवंदं लागल्यात, पोरीला घिऊन ये.” तिन्ही वेळा मी कामाचं सांगितलं. काम होतंही, पण पाऊण तासाची तर वाट. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या रविवारी माझ्या नऊ वर्षांच्या रेवाला घेऊन गेले. काकीला गुराखणीच्या गोष्टीचं विचारलं. हिला तरी शेवट माहीत असेल, ही आशा.

“त्यास्नी तरी कुटं म्हाईत असायचा?” काकी म्हणाली. “भाकरी थापताना मलाच इचारायचे, आता फुडं काय सांगू गं? वर चढता चढता सुचायचं त्यास्नी, पोरांची त्वांडं बघून.”

म्हणजे माझा शेवट कुठं ठेवलेला नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी गेले असते तर तो झाला असता.

काकीची छोटी कळशी घेऊन आम्ही दोघी वर गेलो. मी तोटी बंद केली. गळती रिकामी व्हायला वेळ लागला, तोवर पायरीवर करवंदं ठेवली. मग झऱ्यावरून कळशी भरली आणि रेवाला गोष्ट सांगत चढू लागले. तीन खेपा झाल्या. धाप लागत होती, शब्द तुटत होते, पण ती पुढं न पळता माझ्या पायाबरोबर चालत होती. गुराखणीनं कडी वाजवली आणि भांडं काठोकाठ भरलं.

“मग? आत कोण होतं?”

“उरलेली उद्या.”

“उद्या सोमवार आहे, आई. तुझं ऑफिस आहे.”

मी तोटीकडं हात नेला आणि मागं घेतला. ती बंदच ठेवली. आता उद्या कुणीतरी वर यायलाच हवं होतं.