पाचवा हिस्सा तानाबाईंचा

पिराजी लोहारांनी मोटार घेतली तेव्हा आमच्या मंगळवार पेठेत दोनच मोटारी होत्या. एक डॉक्टरांची. ती हॉर्न वाजवत यायची. पिराजींच्या मोटारीचा हॉर्न सोडून बाकी सगळे वाजायचे. संस्थान विलीन झाले तेव्हा बदलीवर निघालेल्या एका अधिकाऱ्याने ती मिळेल त्या किमतीला फुंकून टाकली आणि पिराजींनी ती उचलली.

पिराजी ऑइल इंजिनांचे मिस्त्री होते. दुकान नाही, पाटी नाही. नदीकाठी उसाला पाणी पाजणारे इंजिन बंद पडले की शेतकरी निरोप धाडायचा आणि पिराजी जायचे. मोटार घेण्यापूर्वी ते सामान सर्व्हिस गाडीच्या टपावर टाकून नेत. एकदा एका कंडक्टरने त्यांच्या सिलिंडर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी झाकणाचे, अर्धे तिकीट फाडले. पिराजींनी ते गुपचूप घेतले, पण मग टपावरून खाली उतरवून हेडला बाकावर बसवले. "तिकीट हाय की त्येचं!"

मोटार आल्यावर त्यांचा धंदा दुप्पट झाला आणि पेट्रोलचा खर्च चौपट. तशात प्राप्तिकराच्या कचेरीची नोटीस आली. ज्याच्या दारात मोटार त्याच्याकडे पैसा, असा त्या काळी कचेरीचा समज होता.

मी शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर हिशेबनीस होतो आणि त्यांच्या शेजारी राहत होतो. मी त्यांना समजावले, की पेट्रोलचा खर्च धंद्याचा ठरला तर उत्पन्नातून वजा होईल. मोटार चैनीची ठरली तर काहीच वजा होणार नाही, आणि मग कर भरायला मोटारच विकावी लागेल.

"आन् मी पुन्यांदा टपावर?"

"तुम्ही आत. सामान टपावर."

तेव्हाच मी त्यांना एक वही घालून दिली. तारीख, गाव, मैल आणि कारण. मोटारीचा मैल दाखवणारा काटा कायमचा झोपलेला असल्यामुळे मैल रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवरून मोजायचे ठरले. पावसाळ्यात शिरोळचे मैल जास्त का, असे मी विचारले तेव्हा पिराजी म्हणाले, "पाणी आलं की रस्ता वळसा घेतोय. त्येला काय मी सांगटलं व्हय?"

वही लिहायचे काम त्यांच्या पत्नीचे, तानाबाईंचे. त्या चौथी शिकलेल्या होत्या आणि पिराजींचे हात कायम तेलकट. संध्याकाळी पिराजी चुलीपुढे बसून सांगत, "लिव. शिरोळ. बाळासोच्या इंजनानं हवा खाल्ली." तेलाच्या नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडते, मग नळी सैल करून ती हवा काढावी लागते. मिस्त्री लोक त्याला 'इंजनानं हवा खाल्ली' म्हणतात. कारणाचा रकाना मी अरुंद आखला होता. तानाबाईंचे अक्षर टपोरे. बाळासो आणि त्याचे इंजिन रकान्यात मावत नसत. त्या नुसते लिहीत, 'हवा खाल्ली.'

वर्षभराने सुनावणी लागली. पुण्याहून आलेल्या प्राप्तिकराच्या साहेबांपुढे पिराजी आणि मी उभे राहिलो. अक्षराची खात्री करायला त्यांनी तानाबाईंनाही बोलावले होते. त्या नवे लुगडे नेसून दाराशी उभ्या होत्या. साहेबांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"शिरोळ, हवा खाल्ली. कसबा बावडा, हवा खाल्ली. पुन्हा शिरोळ, हवा खाल्ली, मुक्काम." त्यांनी चष्मा काढला. "लोहार, हवा आम्हीही खातो. पण रंकाळ्यावर, आणि चालत."

"मी न्हाय खाल्ली साहेब. इंजनानं खाल्ली."

"इंजिन हवा खायला शिरोळला जातं?"

"जातंय कुठलं? तितंच असतंय की ते."

"मग हवा खायला तुम्ही कशाला जाता?"

"खायला न्हाय. मी काढायला जातोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी नळी, तेल आणि हवा हे सगळे शुद्ध भाषेत समजावून सांगितले. त्याने प्रकरण आणखी बिघडले. बी.कॉम. झालेला माणूस इंजिनाबद्दल इतके बोलतो म्हणजे पढवून आणला आहे, असे त्यांना वाटले.

"हे पाहा," ते म्हणाले, "माणसाच्या दारात मोटार आहे, घरात बायको आहे, आणि तो दर आठवड्याला कृष्णाकाठी जातो. तो तिला घेऊन फिरायलाच जातो. ही मोटार चैनीची आहे. एक पैसा वजा होणार नाही."

तेवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या.

"कुणाची चैन?" तानाबाई आत आल्या. "साहेब, इच्यारा तेस्नी, ह्या गाडीत मी किती येळा बसले!"

"अगं, तू गप..." पिराजी म्हणाले.

"गप बसून तर लिवलं येवढं! लिवून लिवून बोटं मोडली. शिरोळला गेल्ते, शिरोळला गेल्ते. नरसोबाची वाडी तितनं हाकंवर हाय. एक दिस म्हनले न्हाईत, चल बाई, पाया पडून ये. इच्यारलं तर म्हंत्यात, जागा न्हाय. मागं बघावं तर माझ्या जागी पंप बसल्याला! त्येच्या खाली माझंच जुनं लुगडं हातरल्यालं, त्येला खरचटू ने म्हून!"

"ते लुगडं फाटल्यालं हुतं," पिराजी हळूच म्हणाले.

"मी बी फाटलेच की आता!"

कारकून तोंडावर कागद धरून हसत होता. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तानाबाईंना खुर्ची दिली, वही मिटली आणि सांगितले, "लोहार, इतका भक्कम पुरावा या कचेरीत कुणी आणला नव्हता. मोटार पूर्ण धंद्याची. सगळा खर्च मंजूर."

मी कागद आवरू लागलो. पिराजींनी हात जोडले. पण तानाबाई उठेनात.

"पुरी धंद्याची म्हंजे काय वो?"

"म्हणजे घरच्या कामाला ती वापरलीच जात नाही, असं आम्ही मानलं."

"आन् फुडं?"

"पुढेही तसंच."

"म्हंजे मी बसायचं न्हाय, ह्ये आता सरकारनंबी ठरीवलं व्हय?" त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "न्हाय जमायचं. थोडी घरची म्हून लिवा."

"बाई, तसं लिहिलं तर तुमचा कर वाढेल."

"वाढू दे."

"अगं, वाढू दे काय?" पिराजी ओरडले. "साहेब, तिचं काय ऐकू नगासा!"

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. कर वाढवून मागणारे माणूस त्यांना नोकरीत बहुधा पहिल्यांदाच भेटले असावे. त्यांनी पेन उचलले. पाचातले चार हिस्से धंद्याचे, एक घरचा. मोटार विकण्याइतका कर काही त्याने बसला नाही, पण परत येताना पिराजींनी ती अशी चालवली की पेठेत कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

पुढच्या रविवारी पाचवा हिस्सा नरसोबाच्या वाडीला निघाला. पुढे तानाबाई, मागे शेजारच्या आक्का, मी आणि माझ्या मांडीवर दशम्यांची चळत. पंप घरी राहिला होता. वाडीच्या अलीकडे रस्त्यात दोन्ही हात वर करून शिरोळचा बाळासो उभा.

"मिस्त्री, देवासारखं आलासा! इंजान बंद पडलंय. ऊस वाळाय लागलाय. घ्या गाडी आत."

पिराजींनी चाक वळवायला हात उचलला.

"आज गाडी घरची हाय," तानाबाई म्हणाल्या.

"वैनी, लांब न्हाय, त्यो बघा मळा."

"लांब न्हाय तर चालत जावा की. मिस्त्री तुमचंच हाईत. गाडी माझी हाय."

पिराजी पाना घेऊन बांधावरून चालत गेले. आम्ही लिंबाखाली दशम्या खाल्ल्या. बऱ्याच वेळाने लांबून इंजिनाचा आवाज आला आणि मागोमाग घामाने निथळत पिराजी आले. त्यांच्याबरोबर आलेला बाळासो खिशात हात घालून विचारत होता, "मजुरी ह्यी. आन् जान्यायेन्याचं प्याट्रोल?"

पिराजींनी हात पुढे केला.

"त्ये घेऊ नगासा," तानाबाई म्हणाल्या. "आमी फिरायला आलाव."

पिराजींनी वळून माझ्याकडे पाहिले. शेजारी म्हणून मी त्यांच्या बाजूचा होतो. पण हिशेब विचारला होता, आणि हिशेबाने तानाबाईंचे बरोबर होते. फेरी घरची तर पेट्रोलही घरचे, असे मी सांगितले.

वाडी येईपर्यंत पिराजींनी रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही. तानाबाई मात्र काच खाली करून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला नमस्कार करत होत्या.