समुद्राचा ताप आणि चिंचेत घातलेले पोवळे

स्नानाच्या वेळी गंगा-यमुनांना तांब्यात बोलावण्याची आपली रीत आहे. समुद्राला कोणी बोलावीत नाही. ऐंशीच्या दशकातील एका माघात तो आमच्या मुळशीतल्या गावी न बोलावताच आला, आणि तोही पत्र्याच्या पेटीतून.

पुण्याच्या एका महाविद्यालयाची मुले बांधबंदिस्तीच्या शिबिरासाठी आली होती. निरोपाच्या सायंकाळी त्यांचे प्राध्यापक देवळापुढे पांढरे धोतर ताणून त्यावर माती आणि बांध यांची चित्रे दाखविणार होते. यंत्र लागले आणि धोतरावर समुद्राचा तळ उमटला. चित्रांच्या पेट्यांची अदलाबदल झाली होती. प्राध्यापक थोडे चाचरले. पण सारा गाव मांडी घालून बसलेला पाहून त्यांनी समुद्रच सांगावयास घेतला.

"पोवळे हा दगड नव्हे, जीव आहे," ते म्हणाले. "त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळाची बिऱ्हाडे असतात, रंग त्यांचाच. समुद्राचा ताप थोडा जरी वाढला, तरी ती बिऱ्हाडे घर सोडून जातात आणि पोवळे पांढरे पडते. ताप उतरला नाही, तर ते मरते."

दागिन्यातले लाल पोवळे निराळ्या जातीचे, हेही त्यांनी सांगितले. पण त्याच क्षणी वीज गेली, आणि त्या गलबल्यात ते वाक्य माझ्याखेरीज कोणाच्या कानी पडले नाही.

पहिल्या ओळीत जवळच्याच चांदे गावचे एक शेतकरी पाहुणे म्हणून बसले होते. त्यांच्या मुलाचे लग्न आमच्या गावातील एका मुलीशी फाल्गुनात ठरले होते. मुलीचे वडील मागेच वारलेले, आईने एकटीने वाढविलेली. मुलीला मंगळ होता. पत्रिका मीच पाहिली होती आणि पोवळे धारण करावे असे सुचविले होते. अंगठी पाहुण्यांनीच घातली होती. मंगळापायी मोडलेले लग्न पुन्हा जुळणे अवघड, हे आई पुरते जाणून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे माझ्या ओसरीवर हजर.

"गुरुजी, ऐकलंत न्हवं? पोवळं पांढरं पडलं की बिऱ्हाड हलतंया. माझं घर भरलेलं हाय. म्हातारा हाय, लेकरं हायेत, बैलजोडी हाय."

"अहो, ती बिऱ्हाडे शेवाळाची."

"बिऱ्हाड ते बिऱ्हाड. मंगळवारी येतुया, अंगठी बघतुया. लाल आसंल तर लगीन, न्हाईतर राम राम."

ही वार्ता मुलीच्या आईला कळली. अंगठी लाल आहे, एवढ्यावर तिचे समाधान होईना. ती झळकली पाहिजे. देव्हाऱ्यातील पितळी देव ती चिंचेने उजळीत असे. त्याच श्रद्धेने तिने अंगठी सोमवारी चिंचेच्या कोळात घातली. मंगळवारी काढली, तेव्हा सोने लखलखत होते आणि पोवळे राखेसारखे फिके पडले होते.

मला बोलावणे आले तेव्हा पाहुणे अंगणात बसून मान हलवीत होते. मी अंगठी हुंगून पाहिली आणि त्यांना समजाविले, की आंबटाने पोवळ्याचे अंग खाल्ले. समुद्राचा ताप निराळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

त्यांनी विचार केला. "मग दर्यालाबी कुणीतरी चिंच लावली आसंल."

 मला हसू आले, ते मी उपरण्यात लपविले. दाराआडून मुलीचा आवाज आला:

"मामा, मला मंगळ हाय म्हणून अंगठी घातली. आता अंगठीलाच मंगळ लागलाय. तिला कसली अंगठी घालू?"

"गप गं!" आईने दटावले, आणि देव्हाऱ्यातले सारे देव उचलून तिने तांब्याच्या गंगाळात, पाण्यात ठेवले. "गुरुजी, संकल्प सांगा."

मी सांगू लागलो, "कन्येचा विवाह होईपर्यंत..." पण तिला धीर कुठला! पाण्यावर हात ठेवून तिने स्वतःच म्हटले, "दर्याचा ताप उतरंस्तोवर द्येव पाण्यात!"

संकल्पाला अवधी असावा, आणि तो आपल्या आवाक्यातला असावा. परंतु शब्द सुटून गेला होता.

मी डोळे मिटून बसलो. पाठ केलेल्या कोशातला एक शब्द वर आला. संस्कृतात प्रवाल म्हणजे पोवळे, आणि प्रवाल म्हणजे कोवळी पालवीही. देवळामागच्या कोशिंबाच्या झाडाला तेव्हा पालवी फुटली होती, पोवळ्याहून लाल. मी एक डहाळी आणवून पाहुण्यांच्या हाती दिली.

"हेही प्रवालच. लग्न होईपर्यंत दर मंगळवारी मुलीने ताजे धारण करावे."

त्यांनी पान उलटेपालटे करून पाहिले. "ह्याला ताप चढतो का?"

"हे उन्हाच्या तोंडावरच फुटते."

"मग ठीक हाय."

लग्न यथाविधी लागले. वैशाखात पाहुणे पुन्हा धावत आले. "गुरुजी, घात झाला! कोशिंब हिरवा पडला! मंगळ उतरला आन् हिरवा बुध चढला!"

"पालवी हिरवी होते, त्याला मोठे होणे म्हणतात. सून काय म्हणते?"

"तिचं काय, म्हाताऱ्याला दटावतीया, बैलास्नी दटावतीया. मलाबी."

"म्हणजे रुळली."

ते समाधानाने परत गेले. मी मुलीच्या आईकडे गेलो आणि म्हणालो, आता देव पाण्यातून काढावेत.

"लगीन झालं, गुरुजी. पर दर्याचा ताप उतरला का?"

"ते इथे बसून मी कसे सांगू?"

"मग र्‍हाऊ द्या. देवास्नी सबूद दिलाय."

पुढे काही वर्षांनी आई वारली तेव्हा मुलीने ते गंगाळ देवांसह माझ्याकडे आणून दिले. अजून ते माझ्याकडेच आहे. अलीकडे वर्तमानपत्रांत वाचतो, की ठिकठिकाणच्या समुद्रांतील पोवळ्यांची बेटे पांढरी पडत आहेत. एवढेच नव्हे, आपल्या चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर समुद्राच्या पाण्यात विरतो आणि ते पाणी आंबटाकडे झुकते. पोवळ्यांना अंग धरणे कठीण होते. ते वाचले त्या दिवशी मला पाहुण्यांची चिंच आठवली, आणि उपरण्यात लपवावे असे काही उरले नव्हते.

रोज पहाटे मी गंगाळातले पाणी बदलतो. नद्यांना बोलावून झाले, की समुद्राचीही प्रकृती विचारतो. मग देवांना पुन्हा पाण्यात ठेवतो.