माझी सायकल, सगळ्यांच्या मापाची

माझी सायकल माझ्या मापाची असावी, हे माझ्याशिवाय घरात कोणालाच पटलं नव्हतं. आणि दुकानात गेल्यावर मलाही पटेनासं झालं.

मी गारखेड्यात ब्लाऊज शिवते. पोरगा नोकरीला पुण्याला गेला, त्याची जुनी गियरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. गल्लीतली माझी मैत्रीण शबाना म्हणाली, "मंगलबाजी, काढा ती बाहेर. चला माझ्याबरोबर." काढली. दर रविवारी सकाळी आम्ही दोघी बीड बायपासपलीकडच्या साताऱ्याच्या डोंगराकडं जायला लागलो. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईला डोंगरावरून सायकल खाली सोडताना काय वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही. (सांगते. आपण अजून कोणाची आई, सून किंवा टेलर व्हायचे आहोत, असं वाटतं.)

मग एका रविवारी सायकल एका दगडावरून उतरली आणि मी सायकलीवरून उतरले. दोघी एकाच वेळी, पण वेगवेगळ्या बाजूंना. माकडहाड असं सणकलं की मला आमच्या कुलदैवताचं नावसुद्धा आठवेना! डॉक्टर म्हणाले, "या सायकलीला मागं शॉकअप नाही. सगळे दणके तुमच्या कमरेत. एकतर हे बंद करा, नाहीतर चांगली सायकल घ्या." यातलं 'एकतर' आमच्या ह्यांनी ऐकलं आणि 'नाहीतर' मी.

"मंगल, झाली तेवढी हौस बास," हे म्हणाले. "आता परत पडलीस, तर सायकल बंद. कायमची."

"मंजूर," मी म्हटलं. "पण पडेपर्यंत चालवणार. आणि नवी घेणार. पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअपवाली. माझ्या शिलाईच्या पैशातून!"

"अगं, पण या वयात..."

"वयाचा काय संबंध? दणका कमरेला बसतो, वयाला नाही!"

एवढं ठणकावून सांगितल्यावर मी एकटीनं दुकानात जायला पाहिजे होतं. पण आमच्या घरात साधी चहाची गाळणी आणायची तरी तिघं जातात. त्यामुळं पैठण गेटजवळच्या इरफानभाईंच्या दुकानात मी, हे आणि माझे सासरे अण्णा असे तिघं दाखल झालो. अण्णांची हयात फुलंब्रीकडं शेतीत गेली. कुठलीही वस्तू हातानं दाबून पाहिल्याशिवाय ते तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा तेवढी सुटले, बाकी घरातलं सगळं दाबून आणलेलं आहे.

इरफानभाई फार गोड माणूस. त्यांच्यात खोट एकच, गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आतून एक सायकल आणली. "मॅडम, ये आपके हाइट की. बैठो."

मी बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले, हात अलगद हँडलवर गेले. जणू माझंच माप घेऊन शिवली होती! मला अगदी भरून आलं. मी 'हीच' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "हिच्यापेक्षा मोठी नाही का?"

"है ना साब. मीडियम है, लार्ज है."

"लार्ज केवढ्याला?"

"रेट तो सब का सेम है."

हे माझ्याकडं पाहायला लागले. अण्णा ह्यांच्याकडं पाहायला लागले.

"म्हंजी," अण्णा सावकाश म्हणाले, "तेवढ्याच पैशात मोठी गाडी मिळती, अन् आपण ल्हान घेऊन चाललो?"

"अण्णा, पण ती मला मोठी होईल," मी म्हटलं.

"व्हऊ दे की! ल्हान झाली तर काय करती? मोठी झाली तर वापरता तरी येती. पोरगा दिवाळीला आला तर त्यो चालवंल, ह्यो चालवंल. समद्यांना व्हईल."

आता खरं सांगते. माझ्याकडं ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायकांना मी रोज ऐकवते, की ताई, कापड उरलं म्हणून ब्लाऊज सैल शिवायचा नसतो. पण 'तेवढ्याच पैशात' हे शब्द कानात शिरले आणि माझं डोकंच फिरलं. तेवढ्याच पैशात बोटभर जास्त लोखंड! लहान सायकल घेणं मला एकाएकी नुकसानीचं वाटायला लागलं. "लार्ज दाखवा," हे मीच म्हटलं. कोणी माझ्या तोंडात घातलं नाही.

लार्ज आली. ह्यांनी तिच्यावर बसून दुकानासमोर एक चक्कर मारली आणि सीट स्वतःच्या लांब टांगांना पुरेल एवढी वर करून घेतली. मग अण्णा पुढं झाले. त्यांनी दोन्ही तळहात सीटवर ठेवले आणि दाबलं. सायकल मागून भस्सकन खाली बसली आणि वर आली.

"अरं तिच्या! नवी कोरी गाडी अन् आत्ताच खचती?"

"चाचा, ये सस्पेन्शन है. इसमें हवा रहती. वजन के हिसाब से भरते. मॅडम, आपका वजन कितना?"

सासऱ्यांच्या देखत, नवऱ्याच्या देखत, भर दुकानात! बाजूला कोणी दोन गिऱ्हाइकं टायर बघत होती, तीही टायर सोडून ऐकायला लागली.

"वजनाचं राहू द्या," मी घाईघाईनं म्हटलं. "अण्णा म्हणतात तेवढी भरा."

"हो जाएगा," इरफानभाई म्हणाले आणि पंप घेऊन मारायला लागले. अण्णा मधूनमधून दाबून पाहत, "अजून. अजून लई मऊ हाय," म्हणत. शेवटी अण्णांनी सगळा भार टाकला तरी सायकल तसूभर हलेना, तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "हां. आता कशी टणक झाली!" अशा रीतीनं कमरेला दणके बसू नयेत म्हणून घेतलेली सायकल मी दगडासारखी घट्ट करून घेतली.

एवढ्यावर भागलं असतं. पण ह्यांचं लक्ष मागच्या चाकाकडं गेलं. "हिला कॅरियर नाही?"

"साब, ये पहाड की सायकल है."

"पहाडावरून येताना भाजी कशावर आणायची?"

"अहो, मी भाजीला चालले का?" मी ओरडले.

"येतच आहेस त्या बाजूनं, तर देवळाईतनं मेथी आणायला काय होतं?"

"हो जाएगा," इरफानभाई म्हणाले. त्यांनी सीटच्या दांड्याला एक कॅरियर आवळलं. ते मागच्या चाकावर अधांतरी लोंबायला लागलं. मी म्हटलं, आता तेवढी सीट माझ्यासाठी खाली घ्या. तर इरफानभाई डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, अब सीट नीचे नहीं जाती. बीच में कॅरियर आ गया."

"कॅरियर राहू द्या," हे म्हणाले.

घरी सायकलीची पूजा झाली. हळदी-कुंकू, हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. लिंबावरून चाक न्यायला मी सायकलीवर बसायचा प्रयत्न केला आणि मला पहिल्यांदा कळलं, की ओट्यावर उभं राहिल्याशिवाय मला बसताच येत नाही! आणि बसल्यावर ओटा मिळाल्याशिवाय उतरता येत नाही. पण हे घरात कबूल कोण करणार? "मस्त आहे," मी वरून म्हटलं.

रविवारी शबाना दारात आली. ओट्यावरून मी सायकलीवर चढले आणि आम्ही निघालो. हे आणि अण्णा स्कूटरवरून आमच्या मागं! 'बघतोच कशी उतरतीस,' असा ह्यांचा एकूण आविर्भाव होता. गारखेड्यातून बीड बायपासपर्यंत मी रस्ता पाहिलाच नाही, फक्त पाय टेकायला काय काय आहे ते पाहिलं. दुभाजक, पुलाचा कठडा, रसवंतीचा बाक. बायपासच्या सिग्नलला यातलं काहीच नव्हतं. लाल दिवा लागला तशी मी उभ्या असलेल्या एका रिक्षाचा टप पकडला.

"ओ मावशी, क्या करते?" रिक्षावाला दचकून म्हणाला.

"काही नाही, भाऊ. तुम्ही हलू नका, बास."

हिरवा दिवा लागला आणि तो हलला. मी पण त्याच्याबरोबर हलले. शबाना मागून ओरडत होती, "बाजी, छोडो! छोडो उसको!" कशीबशी सोडली. डोंगराच्या चढाला मात्र मी चक्क सायकल हातात धरून चालत गेले आणि चेहरा असा ठेवला की हा व्यायामाचाच भाग आहे. हे आणि अण्णा खाली पायथ्याला स्कूटर लावून थांबले.

वर पोचल्यावर शबानानं माझी सीट एकदा दाबली. मग माझ्याकडं पाहिलं. "बाजी, ये तो पत्थर है! कुणी भरली एवढी हवा?"

"अण्णांनी."

"ते बसणार आहेत का हिच्यावर?" तिनं मागच्या शॉकअपचं टोपण काढलं आणि किल्लीच्या टोकानं आतली पिन दाबली. फुस्स! "अजून सोडू?"

"सोड," मी म्हटलं. आता माझ्या कमरेचा प्रश्न होता. तिनं सोडली. जवळजवळ सगळीच सोडली. मी एका मोठ्या दगडावर चढून सीटवर बसले, तर सायकल हळूहळू माझ्याबरोबर खाली आली आणि, काय सांगू, माझ्या पायांचे अंगठे जमिनीला टेकले! मी आनंदानं शबानाला मिठीच मारणार होते.

खाली ह्यांची स्कूटर काडेपेटीएवढी दिसत होती. आज पडले तर संपलं. मग दर रविवारी मेथी निवडत बसायचं. मी दात-ओठ खाऊन सायकल सोडली.

पहिला दगड आला. मागचं चाक वर उचललं गेलं आणि थेट कॅरियरला जाऊन भिडलं. खर्रर्र! सायकल आपोआप हळू झाली. दुसरा दगड. खर्रर्र! परत हळू. मी ब्रेकला हात लावलेला नव्हता. तो सबंध उतार मी कॅरियरच्या ब्रेकवर उतरले! मागून जळक्या रबराचा वास येत होता. एक म्हातारी शेळ्या घेऊन उतरत होती, ती माझ्या पुढं निघून गेली. जाताना "सावकाश ये गं बाई," असंही म्हणाली. पण मी पडले नाही. कमरेला दणकासुद्धा बसला नाही!

पायथ्याशी हे तोंडाचा आ करून उभे होते. अण्णा टाळ्या वाजवत होते. "शाब्बास पोरी! लई झ्याक!" मी त्यांच्यापुढं येऊन थांबले, दोन्ही अंगठे टेकवले आणि विजयी मुद्रेनं ह्यांना म्हटलं, "बघितलंत?"

इथंच गप्प बसायचं. पण मला जरा ताठ होऊन अण्णांना नमस्कार करायची हुक्की आली. मी सीटवरून उठले, तशी मागून सायकलही उठली. अंगठे अधांतरी झाले, मी कलंडले. हे "अगं अगं अगं" करत मला धरायला धावले, आणि पुढच्या क्षणी सगळ्यांत खाली खडी, खडीवर हे, ह्यांच्यावर मी आणि माझ्यावर सायकल अशी आमची रास पडली.

"आईगं!" ही आरोळी माझी नव्हती. ह्यांचं माकडहाड होतं.

"पडलीस!" तशा अवस्थेतही खालून आवाज आला. "सायकल बंद!"

"मी कुठं पडले? मी तुमच्यावर आहे. जमिनीला तुम्ही टेकलात!"

दोघांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी पंच असल्यासारखी आमची रास नीट निरखली. "भुईवर ह्यो पडलाय," ते म्हणाले. "तिचं अंग भुईला लागलंच नाय. तिची सायकल बंद व्हनार नाय."

ह्यांना डॉक्टरांनी पालथं झोपून राहायला सांगितलं. अण्णा त्यांच्यापाशी बसले. त्यामुळं सायकल बदलायला मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी दुकानात गेले. इरफानभाईंनी खरवडलेलं टायर पाहून नुसता सुस्कारा सोडला आणि नव्या टायरचे पैसे घेऊन बदलून द्यायला तयार झाले. मी त्यांच्या कानात माझं खरं वजन सांगितलं. त्यांनी तेवढीच हवा भरली. लहान साइज, सीट खाली, कॅरियर नाही. सगळं मी बोलले तसं! मला आभाळ ठेंगणं झालं.

"मॅडम, बस कलर बताओ. हिरवी है, ग्रे है."

मी हिरवी पाहिली. ग्रे पाहिली. परत हिरवी पाहिली. इरफानभाईंचा चहा आला, संपला, दुसरा आला. विचारायला शेजारी कोणी नाही! घाम फुटला हो मला. शेवटी दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन गुपचूप घरी फोन लावला.

"अहो, हिरवी घेऊ का ग्रे?"

"हिरवी," पालथ्या माणसाचा आवाज आला.

झालं! माझी सायकल आणि रंग ह्यांच्या पसंतीचा? मी ताबडतोब ग्रे घेतली आणि ताठ मानेनं चालवत घरी आणली.

आता रोज सकाळी चहा पिताना मी अंगणात उभ्या असलेल्या तिच्याकडं बघते. हिरवीच चांगली दिसली असती. आमच्या घरी मात्र कृपा करून हे कोणी बोलू नका.